नमुन्याचा डॉलर

वीसपैकी सात. मोठ्या साहेबांनी तो कागद मावशींच्या पुढ्यात सरकवला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन पडदा नीट करत राहिले. पडदा नीटच होता. पण बावीस वर्षं आपल्या शेजारी बसलेल्या माणसाला असा कागद दाखवायचा, तर हातांना काहीतरी काम लागतंच.

मावशींनी कागद वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. सात चांदीच्या डॉलरांसमोर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'धुतलेला'. आणि त्याच सात डॉलरांसमोर, दोन-तीन वर्षांपूर्वीच्या तारखेखाली, त्यांच्याच अक्षरात चौसष्ट, पासष्ट, एकाला तर सहासष्ट.

"म्हणजे ही परतीची थाळी होती," मावशी म्हणाल्या.

"हो."

परतीची थाळी हा त्या कचेरीचा जुना रिवाज. संग्राहकांकडून इथे नाणी यायची. तीन पारखी वेगवेगळे बसून ती बघायचे आणि नाणं किती चांगलं राहिलंय त्यावरून एक ते सत्तर यांतला एक आकडा द्यायचे. सत्तर म्हणजे टांकसाळीतून आत्ता पडलं आणि कुणाचा श्वासही लागला नाही असं नाणं. साठच्या खाली म्हणजे ते कुणाच्या तरी खिशात, गल्ल्यात हिंडून आलेलं. आणि ज्याची मूळ कांती कुणी रसायनात बुडवून घालवली असेल, त्याला आकडाच नाही. त्याच्या चिठ्ठीवर नुसतं 'धुतलेला' लिहायचं. पारख्याच्या तोंडी याहून वाईट शिवी नाही. आता पारखी स्वतः ठिकाणावर आहे की नाही, हे कोण बघणार? म्हणून वर्षातून दोनदा, कुणाला न सांगता, कचेरीच्या स्वतःच्या संग्रहातली वीस नाणी रोजच्या थाळीत मिसळायची आणि पारख्याला त्याच्याच जुन्या आकड्यांसमोर उभं करायचं. साक्षीदार दुसरा कुणी नाही. वादी तुम्ही आणि प्रतिवादीही तुम्हीच.

"विसांतले अठरा जुळायला हवेत," साहेब पडद्याशीच बोलले. "एका आकड्याचा फरक चालतो, जास्त नाही. नियम तुम्हीच लिहिलाय, मावशी. मी तेव्हा या खोलीत नवीन होतो."

"माहीत आहे मला काय लिहिलंय ते."

"शुक्रवारी आणखी एक थाळी लावतो. एरवी लावत नाही, पण तुमच्यासाठी लावतो. ती जमली तर विषय संपला."

"आणि नाही जमली तर?"

साहेब वळले. माणूस मनाचा मऊ. वाईट बातमीला साखर लावल्याशिवाय ती त्यांच्याच घशाखाली उतरत नसे. "वेष्टनाच्या टेबलावर एक जागा आहे. तिथं उजेडही छान येतो."

त्या टेबलावर पारखून झालेली नाणी नुसती डब्यांत बंद करायची. मावशींना हसू की रडू कळेना. पारखी अंधारात बसतात. खोली काळोखी, खिडक्यांना जाड पडदे, प्रत्येकाच्या पुढ्यात एकच पिवळा दिवा. बावीस वर्षं त्या एका दिव्याखाली काढलेल्या बाईला साहेब उजेडाचं आमिष दाखवत होते.

बाहेर मधल्या टेबलावर तुफान बसला होता. तिसरा पारखी. पस्तिशीचा गडी, तासाला शंभर नाणी बघायचा म्हणून हे नाव. तोंडही त्याच वेगानं चालायचं.

"काय मावशी, सगळा बाजारच धुऊन काढलात म्हणे!"

"अरे, दिसलं ते लिहिलं."

"दिसलं कशात? मी ती सातही बघितली. अगदी देवासारखी स्वच्छ."

"तेच तर! इतकी स्वच्छ कशी? शंभर वर्षांची चांदी अशी पांढरीशुभ्र असते का रे? जरा साय धरल्यासारखी दिसायला नको?"

तुफाननं हातातलं नाणं खाली ठेवलं, आणि त्याचीच मावशींना जास्त भीती वाटली. "मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "ती नेहमीच पांढरी होती."

त्या दिवशी मावशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आल्या. वाटेत त्यांनी देवाला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. सहा आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते चांगलं व्हावं म्हणून याच बाईनं त्याला किती आळवलं होतं! डोळा छान झाला. डॉक्टरांनी भिंतीवरची शेवटची ओळसुद्धा वाचून घेतली. आता दिसतंय म्हणून नोकरी जायची पाळी आली, तर गाऱ्हाणं तरी कुठल्या तोंडानं करायचं?

घरी मागच्या अंगणात वन्सं कपडे वाळत घालत होत्या. वन्सं म्हणजे मावशींची नणंद. वयानं चार वर्षांनी मोठ्या, नात्यानं धाकट्या, त्यामुळे भांडायचा हक्क दोन्हीकडून. तीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या धुलाईघरात काढली होती. मावशींचे यजमान गेल्यापासून दोघी एकत्र राहायच्या. घरातलं पाणी, साबण, इस्त्री हे खातं वन्संचं आणि त्यात तिऱ्हाइताची लुडबुड चालत नसे.

दोरीवर चादरी फडफडत होत्या. मावशींनी त्या पाहिल्या आणि दिवसभराचा राग नेमका तिथं उतरला.

"वन्सं, चादरींना ब्लीच घातलंत?"

वन्संच्या तोंडात चिमटा होता. तो त्यांनी शांतपणे काढला. "काय म्हणालीस?"

"बघा की कशा झाल्यात! निळ्या-पांढऱ्या. डोळ्यांत जातायत. कापडाचा जीवच घेतलात."

"वहिनी, तीस वर्षं मी धुलाईघरात काढली. रक्ताचे डाग काढले, औषधाचे काढले, पण चांगल्या कापडाला कधी ब्लीच दाखवलं नाही. आणि घरच्या चादरीला दाखवीन? तोच साबण आहे, दहा वर्षांपासूनचा. मोरीत ठेवलाय, जा, वास घेऊन ये!"

"मग अशा कशा दिसतायत?"

"मला काय विचारतेस? मला तर त्या जुनाट, पिवळट दिसतायत. बदलायला झाल्यात. तुला पांढऱ्या दिसत असतील, तर तुझा डोळा धुतलाय डॉक्टरनं, चादर नाही!"

वन्संनी हे रागाच्या भरात म्हटलं आणि चिमटा पुन्हा तोंडात धरला. पण मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी हळूच उजव्या डोळ्यावर हात ठेवला. डाव्यावर अजून ऑपरेशन व्हायचं होतं. त्या डोळ्याला चादर साईच्या रंगाची दिसली, उन्हात ठेवलेल्या जुन्या कागदासारखी. मग हात डाव्यावर नेला. चादर लख्ख, निळसर, नुकत्याच धुतल्यासारखी. पुन्हा उजवा झाकला. साय. पुन्हा डावा. लख्ख.

"हे काय चाललंय? शेजारचे बघतायत," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं," मावशी म्हणाल्या आणि अंगणातल्या पायरीवर बसल्या. "नाणी धुतलेली नव्हतीच हो. माझ्याच डोळ्यावर किती वर्षं पिवळी काच होती कोण जाणे. मला वाटायचं, जुनी चांदी अशीच असते. साईच्या रंगाची. ती साय चांदीवर नव्हती. माझ्या डोळ्यात होती!"

मग सगळं सांगून झालं. थाळी, सात नाणी, शुक्रवार, वेष्टनाचं टेबल. वन्संनी चिमट्यांची पिशवी बाजूला ठेवली आणि भावजयीशेजारी टेकल्या. भांडण कुठल्या कुठे गेलं. कुणी बाहेरचा आपल्या वहिनीला वेष्टनाच्या टेबलावर बसवतो म्हणजे काय? ते वन्संना मुळीच खपण्यासारखं नव्हतं.

"शुक्रवारला तीन दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "काय करायचं सांग."

मावशींकडे स्वतःचे आठ डॉलर होते. काही फार मोलाचे नव्हेत, पण हौसेनं जमवलेले, कधीही बोट न लावलेले. एका बाजूला बाईचा मुखडा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. काय करायला हवं ते मावशींना कळत होतं आणि ते सांगताना त्यांनी नाण्यांकडे पाठ केली.

"यातले चार धुवा."

"कशात?"

"भांडी उजळायचं औषध आहे ना, त्यात. आणि चांगली दहा मिनिटं ठेवा. मी इथं थांबत नाही."

जिनं आयुष्यभर धुतलेल्या नाण्यांवर शिव्या लिहिल्या, तिनंच स्वतःचे चार निष्पाप डॉलर औषधाच्या वाटीत पाठवले. त्या वेळी मावशी पुढच्या खोलीत देवाचं नाव घेत बसल्या होत्या, आणि स्वयंपाकघरातून चांदीचा चुळुक चुळुक आवाज आला तसा आवाज चढवून घेत होत्या.

संध्याकाळी खोलीचे पडदे ओढले, टेबलावर दिवा लावला. वन्सं पाठ करून आठ नाणी उलटीसुलटी करायच्या, एक एक पुढे ठेवायच्या आणि शाळेतल्या परीक्षेसारखं वहीत टिपायच्या. मावशी डोळा लावून सांगायच्या, "धुतलेला. धुतलेला. धुतलेला. हाही धुतलेला."

"चारच धुतलेत वहिनी. आठांत तू सात सांगितलेस."

"पुन्हा ठेवा."

पुन्हा सहा. मग सात. वन्सं उठल्या आणि आतून एक जुना पिवळ्या काचांचा चष्मा घेऊन आल्या, उन्हात गाडी चालवताना लावतात तसला. "हा लाव."

मावशींनी तो लावला आणि जुनं जग परत आलं. साईच्या रंगाची चांदी, ओळखीची, मायेची. कुठला डॉलर मूळचा, कुठला मारलेला, सगळं पूर्वीसारखं समोर उभं. आठपैकी आठ. पुन्हा आठपैकी आठ.

"झालं तर मग!" वन्संनी वही मिटली. "शुक्रवारी हाच चढवून जा. मिजाशीत."

मावशींना मोह झाला नाही असं कोण म्हणेल? चष्मा बराच वेळ त्यांच्या नाकावरच राहिला. पण मनाला काही पटेना. शेवटी त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला.

"नको, वन्सं."

"का? कोण बघतंय?"

"देवानं एक पडदा उचलला आणि मी दुकानातून दुसरा आणून लावू? हा लावला की मला पूर्वी जेवढं दिसायचं तेवढंच दिसणार. पूर्वी काय दिसत नव्हतं, ते कसं कळेल? पैसे मोजून मोतीबिंदू परत आणल्यासारखं होईल हे."

"तुझं तू बघ," वन्सं म्हणाल्या, पण वही त्यांनी पुन्हा उघडली.

मग मावशींनी रंगाकडे बघणंच सोडलं. रजा वाढवून दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या नाण्याला फक्त फिरवत राहिल्या. कडेला दोन बोटांत धरायचं, दिव्याखाली थोडं तिरकं करायचं आणि सावकाश कलतं फिरवायचं. न दुखावलेल्या चांदीवर तेव्हा उजेडाच्या आऱ्या उठतात आणि गाडीच्या चाकासारख्या सबंध नाण्यावरून गोल धावतात. त्याला पारखी 'चक्र' म्हणतात. धुतलेल्या नाण्यावर उजेड पडतो, पण धावत नाही, पत्र्यावर पडल्यासारखा जागच्या जागी बसतो. हे मावशींना बावीस वर्षं ठाऊक होतं. पण रंगावरून झटकन कळत असताना चक्राची वाट बघत कोण बसतंय? गाणाऱ्यानं टाळ्या मिळणारी तान एवढीच घोकावी आणि मूळ सूर लावायचा राहून जावा, तसं झालं होतं त्यांचं. आता सुरापासून सुरुवात.

बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी आठपैकी सहा. गुरुवारी सकाळी आठपैकी आठ. वन्संनी लबाडी करून एकच डॉलर तीनदा ठेवला, तोही पकडला. "हा मघाचाच आहे. तुम्ही मला काय समजलात?"

"काही नाही," वन्सं समाधानानं म्हणाल्या. "जा आता, लोळव त्यांना."

शुक्रवारी थाळी मधल्या टेबलावर होती. हिरव्या कापडावर वीस डॉलर, प्रत्येक पारदर्शक पाकिटात, पाकिटावर फक्त क्रमांक. मागच्या थाळीतलं एकही नाणं नव्हतं. साहेब मागे खुर्ची टाकून बसले. तुफानलाही राहवेना, तो दाराला टेकून उभा राहिला.

"बोलायचं नाही हं," साहेबांनी त्याला बजावलं.

"श्वास घेऊ का?"

"तोही बेतानं."

मावशींनी दिवा लावला, डोळे मिटून क्षणभर हात जोडले आणि पहिलं नाणं उचललं. चक्र सुरेख धावलं. बाईच्या गालावर दोन बारीक ठेचा. चौसष्ट. दुसऱ्यावर आऱ्या सुस्त, पण अखंड. त्रेसष्ट. तिसरं पांढरंफेक, मंगळवारी डोळे झाकून 'धुतलेला' लिहिलं असतं असं, आणि त्याच्यावर उजेड असा भिरभिरला की मावशींना आपलीच लाज वाटली. सहासष्ट. सहावं खरोखरचं धुतलेलं होतं, बिचारं, मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखं. ते तसं लिहिलं. बारावं आणि चौदावं अवघड गेली. बाईच्या कानावरचे केस सपाट होते. ते बोटांनी झिजलेत, की टांकसाळीतच ठसा नीट उमटला नाही? मावशींनी दोन्हीकडे झीज मानली आणि अठ्ठावन्न लिहिलं. लिहून झाल्यावर वाटलं, पूर्वी आपण यांना एकसष्ट दिलं असेल. पण खाडाखोड हा प्रकार त्या टेबलावर नव्हता. म्हणजे दोन गेले. आता उरलेलं एकही चुकून चालणार नव्हतं.

सतरा झाली, आणि अठरावं हातात आलं तशी मावशींच्या तोंडावर आपोआप हसू आलं. याला कोण ओळखणार नाही! बाईच्या हनुवटीखाली राईच्या दाण्याएवढा काळा ठिपका. हा कचेरीचा नमुन्याचा डॉलर. सहासष्ट म्हणजे काय, हे नव्या माणसाला शिकवायचं तर खणातून हाच काढायचा. दुसऱ्या नाण्याबद्दल वाद झाला तर याच्याशेजारी ठेवून बघायचं. चार वर्षांपूर्वी मावशींनी, साहेबांनी आणि तेव्हाच्या तिसऱ्या पारख्यानं, तिघांनीही याला सहासष्टच दिलं होतं. साहेबांनी हा थाळीत का घातला, तेही मावशींच्या लक्षात आलं. एक तरी सोपा जावा म्हणून. दया आली होती त्यांना.

मावशींनी पेन उचललं. पण तीन दिवसांची सवय, म्हणून नाणं एकदा फिरवलं.

उजेड धावला. गरुडाच्या बाजूनं चक्र पुरं झालं. मग मुखड्याची बाजू वर घेतली; उजेड तारकांवरून गेला, कपाळावरून गेला आणि गालावर अडखळला. अगदी थोडा. धावत्या माणसाचा पाय सतरंजीच्या दुमडीत अडकावा एवढा.

पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथंच. मावशींनी भिंग लावलं. गालावर एक विरळ, निळसर-करडी झाक होती, आरशावर कुणी हा हा करून जावं तशी. त्यांनी उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं पाहिलं. गाल स्वच्छ, साईच्या रंगाचा, निर्दोष. उजव्यानं पाहिलं. धूसर. आणि त्या झाकेला कड होती.

ही लबाडी त्यांनी ऐकली होती, दोनदा पकडलीही होती. खिडकीची काच बसवायला वापरतात तसलं लुकण बोटानं गालावर फासायचं. ते ओरखड्यांमध्ये भरतं आणि नाणं गुळगुळीत दिसतं. पहिली काही वर्षं ते पारदर्शकच असतं. मग हळूहळू धुरकटतं.

आता करायचं काय? सहासष्ट लिहिलं तर अठरा जुळले, खुर्ची राहिली, विषय संपला. आणि खोटं तरी कुठं होतं त्यात? त्यांचाच आकडा, साहेबांचा आकडा, सगळ्या कचेरीचा आकडा. दुसरं काही लिहिलं तर तिसरी चूक, आणि मग वेष्टनाचं टेबल. साहेबांनी दयेनं पुढे केलेला हात झटकून टाकायचा, वर तुम्हीही चुकलात असं सांगायचं.

मागे दाराशी तुफाननं पाय बदलला. मावशींना वन्संच्या टेबलावर काढून ठेवलेला पिवळा चष्मा आठवला. तो लावला असता, तर हा प्रश्नच पडला नसता. किती सुखात सुटले असते मी, त्यांच्या मनात आलं, आणि हातानं लिहिलं, "गालावर लुकण. आकडा नाही."

पुढची दोन नाणी त्यांनी शांतपणे पाहिली. पेन टोपण लावून ठेवलं आणि कागद मागे दिला.

साहेबांनी जुन्या यादीशी एक एक ताडायला सुरुवात केली. खूण, खूण, खूण. बाराव्यावर थांबले, चौदाव्यावर थांबले, तरी चेहरा ठीक होता. अठराव्यावर आले आणि पेन्सिल कागदावरच राहिली.

"मावशी, अठरावं नीट पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"ते कुठलं नाणं आहे, कळलं ना?"

"हनुवटीखाली ठिपका. आपला सहासष्टचा नमुना."

तुफानचा बांध फुटला. "अहो मावशी! नमुना आहे तो! त्याच्यावरून मी शिकलो! तो चुकला तर मी चार वर्षं काय केलं?"

"तू त्याच्याकडे कधी बघितलंस?"

"रोज बघतो!"

"रोज त्याच्यावरून दुसऱ्याला बघतोस. त्याच्याकडे नाही. कुणीच नाही. मीसुद्धा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "सतरा जुळतायत, मावशी. अठरा हवे होते. मी ते नाणं... अहो, मी ते मुद्दाम घातलं होतं."

"कळलं मला, साहेब. देव तुमचं भलं करो. पण ते बुडवून बघा."

"कशात?"

"ॲसिटोनमध्ये. नखांचा रंग काढतात त्यात. चांदीला त्यानं काही होत नाही, तुम्हालाच माहीत आहे. गाल खरा असेल तर खराच राहील, मी आत्ता उठून वेष्टनाच्या टेबलावर जाते, स्वतःची खुर्ची स्वतः उचलून. पण नसेल, तर या नाण्याशेजारी ठेवून आपण किती नाण्यांचा न्याय केला, तेवढा विचार करा."

साहेब उठले आणि कपाटातून काचेची वाटी काढली. तुफाननं बाटली आणली. नाणं वाटीत उतरलं, वर पाण्यासारखं पातळ द्रव आलं आणि खोलीभर उग्र वास पसरला. तिघंही वाटीभोवती असे वाकले, जणू आत पाळण्यातलं मूल आहे.

एक मिनिट गेलं. दोन. काही नाही.

"साहेब..." तुफान म्हणाला.

"थांब रे."

मग बाईच्या गालाच्या कडेपासून एक दुधट धागा सुटला. सावकाश वर आला, वळला आणि विरला. त्याच्यामागून दुसरा. मग गालावरचा सगळा पापुद्राच सैल होऊन ढगासारखा उठला.

साहेबांनी चिमट्यानं नाणं काढलं, स्वच्छ द्रवात एकदा विसळलं, न पुसता वाळू दिलं आणि मावशींच्याच दिव्याखाली धरलं. गालावर, डोळ्याखालपासून ओठांपर्यंत, तीन ओरखडे होते. लांब, खोल, मांजरानं पंजा मारावा तसे.

मग साहेब हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चार वर्षं! चार वर्षं या बयेनं तोंडाला लेप लावून आपल्याला शिकवलं!"

"किती द्याल आता?" मावशींनी विचारलं.

"बासष्ट," तुफान म्हणाला.

"साठ," साहेब म्हणाले. "आणि तेही माझ्या लाजेखातर." त्यांनी पेन्सिल घेतली, मावशींच्या कागदावर अठराव्या ओळीपुढे मोठी खूण केली आणि खाली लिहिलं, 'वीसपैकी अठरा.' मग ते पुन्हा खोडलं, याच टेबलावर, जिथं खाडाखोड होत नसे, आणि शेजारी लिहिलं, 'सगळ्यांपेक्षा एक जास्त.'

"असा आकडा नसतो, साहेब," मावशी म्हणाल्या. डोळे भरून आले होते, दोन्ही.

"आजपासून आहे." साहेबांनी खिशातून नमुन्यांच्या खणाची किल्ली काढून मावशींच्या हातावर ठेवली. "अठ्ठावन्नपासून सदुसष्टपर्यंत सगळे नमुने आत आहेत. एकेक करून तुम्ही बघा. तुम्ही हो म्हणाल तो राहील, नाही म्हणाल तो जाईल. आणि पुढच्या महिन्यात डावा डोळा करून घ्यायचाय ना? रजेचा अर्ज तुम्ही करूच नका, मी लिहितो."

त्या दिवशी थाळीचं दुसरं काम झालंच नाही. तुफाननं खुर्ची ओढून मावशींच्या कोपराला कोपर लावला आणि तासाला शंभर नाणी बघणारा तो माणूस एका डॉलरला सात सात मिनिटं फिरवत बसला. "हे इथं अडखळतंय का, मावशी?" "नाही रे, ती तुझ्या बोटाची सावली." "आणि हे?" "ही तुझ्या हातरुमालाची लव." दुपारपर्यंत एकसष्टाचा नमुना बाद झाला, कडेला घासलेला निघाला. बाकीचे टिकले.

शेवटी राहिला सदुसष्ट. सगळ्या खणातला राजा. मावशींनी तो कडेला धरला, दिव्याखाली आणला आणि कलता केला. उजेड उठला, धावला, गालावरून, केसांवरून, तारकांवरून, कुठं म्हणून थांबला नाही, असा फिरत राहिला की तिघांचेही चेहरे उजळून गेले. मावशींनी त्याला तीनदा फिरवलं. दोनदा कामासाठी आणि एकदा नुसतं बघायला.

"बोलायचं नाही," साहेब म्हणाले. "लिहा."

तिघांनी तीन चिठ्ठ्यांवर लिहिलं, उपड्या ठेवल्या आणि एकदम उलटल्या.

सदुसष्ट. सदुसष्ट. सदुसष्ट.

"वा!" तुफान ओरडला आणि टेबलावर अशी थाप मारली की दिवा हलला. मावशी त्याच्यावर डाफरल्या, "अरे, नाणं! नाणं सांभाळ आधी!" आणि हसत हसत दोन्ही तळव्यांनी त्या डॉलरला आडोसा धरून बसल्या.